रान माजलेलं आवार

कोकणातल्या कुठल्याही गावात शिरलं की कुलूप लागलेली घरं दिसतात. माणसं मुंबई-पुण्याला असतात, गणपतीत आणि मे महिन्यात तेवढी येतात. कौलं परतली जातात, भिंतींना रंग लागतो, पण आवाराकडे बघायला कोणाला सवड नसते. दोन-तीन पावसाळे गेले की मागीलदारची वाट बुजते, विहिरीच्या कठड्यात उंबर रुजतो, केळीचं बन रानमोडीत बुडतं, आणि आजीने लावलेला अनंत नेमका कुठे होता हे कोणालाच सांगता येत नाही. मग एखाद्या सुट्टीत सगळी भावंडं जमतात आणि ‘यंदा आवार साफ करून टाकू’ असं ठरतं. त्या ठरावानंतर काय करायचं, कोणत्या महिन्यात करायचं आणि पैसे कुठे घालायचे, याचा हा आढावा.

बहुतेकांचा पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो. अर्ध्या दिवसात सगळं सपाट होतं, बघणाऱ्याला समाधान वाटतं, पैसेही सत्कारणी लागल्यासारखे वाटतात. पण पालापाचोळा कुजून वर्षानुवर्षं जी वीतभर काळी माती साठलेली असते, ती यंत्राच्या पात्याबरोबर कडेला जाते आणि खालचा जांभा उघडा पडतो. उतारावरच्या आवारात उरलीसुरली माती जूनच्या पहिल्या सरींत वाहून जाते. मातीत पडून असलेल्या तणाच्या बियांना मात्र ऊन, ओल आणि मोकळी जागा अशा तिन्ही गोष्टी एकदम मिळतात. दसऱ्यापर्यंत तिथे पुन्हा कंबरभर रान उभं असतं, आणि आता ते निव्वळ तण असतं; मधली सोनटक्क्याची, हळदीची, अळवाची बेटं गेलेली असतात. तोडण्यातच सगळे पैसे संपले की तोडलेली जागा राखायला काही उरत नाही, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की माझं मत त्यावरूनच बनलं आहे. जितकी जागा पुढचं वर्षभर राखता येईल तितकीच या वर्षी साफ करावी. पाच गुंठ्यांतला एकच गुंठा झाला तरी चालेल.

आधी समोर काय उगवलंय ते ओळखायला हवं. सगळं एकसारखं हिरवं दिसत असलं तरी आपल्याकडच्या पडीक आवारात ठाण मांडून बसणारे मुख्यतः तिघेच, आणि तिघेही मूळचे अमेरिका खंडातले. घाणेरी, म्हणजे टणटणी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून हिंदुस्थानात आणली गेली. तिची काळी फळं पक्षी खातात आणि कुंपणाकुंपणाखाली बी टाकतात. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, आणि लावलं तर यकृताला बाधा होते. दुसरी रानमोडी. ही कोकणात आणि घाटमाथ्यावर सर्वत्र आहे, एका पावसाळ्यात पुरुषभर वाढते, दिवाळीनंतर फुलते, आणि तिचं केसाळ बी वाऱ्यावर लांबवर जातं. तिसरं गाजरगवत, ज्याला लोक काँग्रेस गवतही म्हणतात. १९५० च्या दशकात पुण्यात ते पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आलं आणि पुढे देशभर पसरलं. एकेक रोप हजारोंनी बी टाकतं, आणि त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला पुरळ आणि खाज येते, म्हणून ते उघड्या हाताने उपटू नये. त्याच्यावर जगणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बंगळुरूजवळ सोडण्यात आला. पावसाळ्यात महाराष्ट्रातही तो गाजरगवताची पानं चाळणीसारखी करताना दिसतो. दिसला तर त्या पट्ट्याला हात लावू नये, त्याचं काम त्याला करू द्यावं.

या तिघांच्या खाली आणि मधे हरळी, लव्हाळा, आघाडा, टाकळा असतात. शेंगेच्या लवेने अंगाची आग करणारी खाजकुयली असते, आणि यांच्यातच उपयोगाचंही बरंच असतं. टाकळा कोवळा असताना भाजीला जातो. भारंगी, फोडशी, कंटोली, दिंडा आपोआप आलेले असतात. गुळवेल आणि शतावरी बांधावर चढलेली असते. म्हणून मी सांगेन की विळा उचलण्याआधी एकदा सगळ्या आवारातून फिरा, आणि फिरताना गावातली एखादी वयस्कर बाई सोबत घ्या. पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये मिळणार नाही इतकं तिला ठाऊक असतं: हा रातांबा मादी आहे, याला फळ धरतं; तो पलीकडचा नर, त्याला कधीच धरलं नाही. इथे तुझ्या आजीचा बिटकीचा आंबा होता, तो मेला, पण त्याच्या कोयीची दोन झाडं त्या गडग्यापाशी आहेत. राखायच्या झाडांना जुन्या साडीची चिंधी बांधून ठेवा. चिंधी नसली की कोयता चालवणाऱ्या गड्याला सोनचाफ्याचं रोप आणि उंदीरमारीची फांदी सारखीच वाटते, आणि दोष त्याचा नसतो.

कागदोपत्री बाजू कंटाळवाणी वाटते, पण भांडणं तिथूनच उभी राहतात. रान वाढलं की हद्दीचे दगड दिसेनासे होतात आणि शेजाऱ्याचा गडगा कुठे, आपला कुठे हे अंदाजाने ठरू लागतं. साफसफाईच्या आधी शेजाऱ्याला बोलावून हद्द दोघांनी मिळून पाहावी. पटत नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा, पण वाद मिटेपर्यंत त्या बाजूची एक फांदीही तोडू नये. सातबाऱ्यावर पाच-सहा नावं असतील तर सगळ्यांची संमती लेखी असलेली बरी, नाहीतर साफ केलेलं आवार हेच पुढच्या भाऊबंदकीचं कारण होतं. झाडांचं तर कायद्याने बघायला हवं. ग्रामीण भागात १९६४ च्या झाडे तोडण्याच्या विनियमन कायद्याखाली आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, चंदन अशी अनुसूचित झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, मग ती आपल्या मालकीच्या जागेत असली तरी. शहरी हद्दीत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण दिलं. बंगल्याच्या आवारातलं जुनं झाड रविवारी सकाळी गुपचूप पाडून टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता जिवाची काळजी. कोकणच्या जांभ्याच्या सड्यावर आणि दगडांच्या खाली फुरसं असतं. आकाराने लहान, रंग मातीसारखा, आणि ते वाटेतून हलत नाही. नाग, मण्यार, घोणस हेही आहेतच. दगडांची रास, कौलांचा ढीग, पडलेल्या झावळ्यांचा भारा उचलायचा तर आधी लांब काठीने हलवून घ्यावं आणि हात खाली घालू नये. गमबूट आणि जाड हातमोजे घ्यावेत. सगळ्या खर्चात मी ज्याच्यावर काटकसर करू देणार नाही अशी ही एकच खरेदी आहे, आणि गड्यालाही ती आपण द्यावी. साप दिसला तर त्याला जाऊ द्यावं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि उंदीर मारायला त्याच्याइतका कोणी नाही. चावलाच तर चिरा देणं, चोखणं, दोरीने आवळणं यातलं काहीही न करता, चावलेला भाग हलू न देता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात न्यावं. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात, चिखलात उघड्या पायांनी उतरू नये. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणात दर पावसाळ्यात डोकं वर काढतो.

कामाचं वेळापत्रक चाकरमान्याच्या खेपांवरच बसवता येतं, आणि योगायोगाने त्या खेपा तणाच्या आयुष्याशी चांगल्या जुळतात. गणपतीत जमीन ओली असते. झुडपं, पिंपळ-उंबराची रोपं, कोवळी घाणेरी तेव्हा मुळासकट निघते. हेच मे महिन्यात पहारेनेही निघत नाही. म्हणून आरत्या आणि जेवणं यांच्या मधल्या दोन सकाळी उपटण्याच्या कामाला द्याव्यात, तेही घरालगतच्या पट्ट्यात: अंगण, मागीलदार, विहिरीची वाट. दिवाळीची खेप सगळ्यांत महत्त्वाची. रानमोडीला कळ्या धरल्या आहेत पण फूल उमललेलं नाही, त्या आठवड्यात ती जमिनीलगत कापून जागच्या जागी आडवी घातली की पुढच्या वर्षीच्या हजारो रोपांचा प्रश्न मिटतो. उशीर झाला की बी उडालेलं असतं आणि सगळी मेहनत फुकट जाते. दोन खेपांपैकी एकच जमणार असेल तर मी दिवाळीची निवडेन.

शिमग्याला वणव्याचा धोका असतो. वाळलेलं गवत आणि रानमोडीच्या काटक्या यांना एक ठिणगी पुरते, आणि आपल्या ओसाड आवारातून आग शेजाऱ्याच्या कलमांच्या बागेत जाते. ज्याने आयुष्यभराची कमाई हापूसमध्ये घातली आहे, त्याची बाग आपल्या आळसापायी जळावी याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. हद्दीच्या आतून माणूस सहज चालेल एवढ्या रुंदीचा पट्टा गवत काढून, पातेरा झाडून मोकळा ठेवावा. हे काम थंडी ओसरायच्या आत झालेलं असावं; शिमग्याच्या खेपेत फक्त पुन्हा झाडून घ्यावं. आवाराचं बाकी काही जमलं नाही तरी एवढं करणं शेजाऱ्याचं देणं आहे. मे महिना खड्डे खणण्याचा, फांद्या छाटण्याचा आणि खत आणून टाकण्याचा. लागवड मृगाचा पाऊस नीट लागल्यावर.

बेणणीच्या पद्धतींबद्दल माणसं हिरिरीने बोलतात. ग्रास कटर आल्यापासून काम फार सोपं झालं. दोन माणसांचं दिवसाचं गवत तो एका सकाळी कापतो. पण तो फक्त कापतो. हरळी आणि लव्हाळ्याला त्याने काही होत नाही, आणि घाणेरीला तर प्रत्येक कापणीनंतर दुप्पट फुटवे येतात. घाणेरीसाठी एक वेगळी रीत आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांनी दिल्लीत ती सिद्ध करून दाखवली. झुडपाच्या बुंध्याशी माती जराशी उकरा. खोड आणि मूळ जिथे जुळतात तो जाडसर भाग दिसेल. फुटवे तिथूनच येतात. त्याच्या दोन-तीन बोटं खाली कुदळीने किंवा टिकावाने मुळावर घाव घाला, अख्खं झुडूप उचला आणि मुळं वर करून उलटं ठेवा. ते पुन्हा फुटत नाही. सगळं मूळ खणून काढण्याच्या मानाने श्रम फार कमी, माती हलत नाही, आणि एकदा हात बसला की काम वेगाने पुढे सरकतं.

तणनाशकाबद्दल मी स्पष्ट लिहितो. ग्लायफोसेट परिणामकारक आहे, लव्हाळ्यावरही चालतं, आणि खर्चही कमी, म्हणून गावोगाव त्याची फवारणी होते. पण २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग करण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या वर्गात टाकलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. घराच्या आवारात विहीर असते, पोरं खेळतात, कोंबड्या चरतात. वाऱ्याने चार थेंब उडाले तरी शेजारची केळ किंवा कोवळं कलम करपतं. शिवाय मातीतल्या बियांना त्याने काहीच होत नाही, म्हणजे पुढच्या पावसात फवारणी पुन्हा आलीच. घराभोवती ते वापरू नये, असं माझं मत आहे.

जाळण्याचा मोहही तितकाच मोठा. भातशेतीत तरव्यासाठी भाजावळ करण्याची जुनी रीत आहे, तिचा हवाला दिला जातो. पण तरव्याची जागा थोडी असते आणि तिथे लगेच भात पेरला जातो. आवारातला ढीग पेटवला की खत होऊ शकणारी सगळी सामग्री धुरात जाते, आणि खाजकुयली किंवा इतर विषारी वेली त्यात असतील तर धूर डोळ्यांना आणि छातीला बाधतो.

लहान जागेसाठी दोन उपाय मला सर्वांत जास्त पटतात. पहिला उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये माती ओली करून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने बुजवाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवावं. खालची माती इतकी तापते की वरच्या थरातलं बहुतेक बी मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र यातून वाचतात. त्या खुरप्याने पुन्हा पुन्हा काढत राहण्याला पर्याय नाही. दुसरा उपाय झाकण्याचा. गवत कापून तिथेच पसरा, त्यावर जुने पुठ्ठे एकमेकांवर चढवून अंथरा, त्यांना चिकटलेली प्लास्टिकची पट्टी मात्र आधी काढा, आणि वर वीतभर पातेरा घाला. पुठ्ठे वाण्याकडे फुकट मिळतात, पातेरा आवारातच आहे. पावसाळाभरात खालचं गवत उजेडाअभावी मरतं आणि माती भुसभुशीत होते. जिथे काहीच लावायचं ठरलेलं नाही तिथे जूनमध्ये ताग किंवा चवळी दाट पेरावी. तणाला जागा मिळत नाही, फुलोऱ्यावर आला की ताग कापून मातीत दाबता येतो, आणि चवळी तर ताटात येते.

आता जुनी झाडं. वाढलेल्या आवारात खरी संपत्ती तीच असते, आणि नुकसानही तिचंच सर्वांत जास्त होतं. मोठी फांदी एकाच घावात वरून कापली की ती पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलत जाते, आणि त्या जखमेतून कीड आणि बुरशी आत शिरते. फांदी तीन कापांत काढावी. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश काप घ्यावा. मग त्याच्या चार बोटं पुढे वरून करवत चालवावी. फांदी साल न ओढता सरळ खाली येते. उरलेला खुंट शेवटी काढायचा, पण खोडाशी अगदी सपाट नाही: फांदीच्या मुळाशी जी सुरकुतलेली फुगीर कड असते ती राखून. ती कडच जखम भरून काढते. कापावर लगेच बोर्डो पेस्ट लावावी, १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी या प्रमाणात; घरगुती कामाला याचा दहावा भागही पुरतो. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नये. छाटल्यावर खोडातून भुसा बाहेर पडताना दिसला तर खोडकिडा शिरला आहे असं समजावं आणि तारेने अळी बाहेर ओढावी.

दाटीने उंच गेलेल्या जुन्या आंब्याच्या मधल्या फांद्या काढून आत ऊन खेळवलं तर दोन-तीन वर्षांत तो पुन्हा नीट धरू लागतो. जुन्या कलमांच्या पुनरुज्जीवनाच्या शिफारशी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दिल्या आहेत. त्या विचारून घ्याव्यात, कारण एकाच वर्षी किती छाटायचं हे झाडाच्या वयावर आणि ताकदीवर ठरतं. बांडगूळ मात्र वाट न पाहता फांदीसकट काढावं. त्याची चिकट फळं फुलटोच्या खातो आणि बी पुढच्या फांदीवर पुसून ठेवतो. एका बांडगुळाची पाच वर्षांत दहा होतात ती अशी. विहिरीच्या किंवा घराच्या भिंतीतला पिंपळ-उंबर वरून नुसता छाटू नये. दगड सैल करून मूळ काढलं नाही तर दर छाटणीनंतर मूळ जाड होतं आणि एक दिवस चिरा निसटतो.

निघालेल्या पालापाचोळ्याचं काय करायचं, यावर महाराष्ट्रात फार चांगलं काम झालेलं आहे आणि ते आपण विसरत चाललो आहोत. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असं भोकाभोकांच्या विटांचं टाकं बसवलं. त्यांच्याच नावावरून ते नाडेप म्हणून देशभर गेलं. थोड्या शेणात भरपूर पालापाचोळा, मातीचा पातळ थर, पाणी, आणि तीन-चार महिन्यांनी खत. विटा नसतील तर पडलेल्या गडग्याचे चिरे रचून टाकं करता येतं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी आपल्या प्रयोग परिवारातून शिकवलं तेही हेच, की ऊन आणि पालापाचोळा हेच आपलं भांडवल आहे आणि थोड्याशा जागेतही घरापुरतं पीक निघतं. त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ मिळालं तर अवश्य वाचावं. एक सावधगिरी: माडांजवळ शेणाचा किंवा कुजणाऱ्या ओंडक्यांचा ढीग ठेवू नये. गेंड्या भुंगा त्यातच अंडी घालतो आणि मग माडाचा कोंब पोखरतो. ढीग ठेवलाच तर अधूनमधून उपसून पांढऱ्या जाड अळ्या वेचाव्यात. बी धरलेलं गाजरगवत आणि लव्हाळ्याच्या गाठीही खतात घालू नयेत; त्या उन्हात पूर्ण वाळू द्याव्यात.

लागवडीत नर्सरीच्या कुंड्यांवर पैसे घालण्याची गरज पहिल्या वर्षी जवळजवळ नसतेच. जास्वंद, तगर, अनंत यांच्या फांद्या पावसात रुजतात. शेवग्याची हातभर फांदी खोचली की झाड होतं. मोगऱ्याची फांदी वाकवून मातीत दाबली की दाब कलम तयार. सोनटक्का, कर्दळ, लिली, गवती चहा यांची बेटं फोडून लावायची. केळीचे मुनवे, हळदीचे आणि आल्याचे कंद शेजारी आनंदाने देतो. पैसे घालायचेच तर कलमांवर घाला: एखादा हापूस किंवा खात्रीचं रातांब्याचं कलम, कारण रोपापासून वाढवलेला रातांबा नर निघण्याची निम्मी शक्यता असते आणि ते कळायला बरीच वर्षं जातात. आंब्याला चहूबाजूंनी १० मीटर आणि माडाला साडेसात मीटर जागा सोडा. नवीन लावताना अंतर चुकलं की वीस वर्षांनी तुमच्या मुलांना पुन्हा हाच लेख शोधावा लागेल. सलग मोठी जमीन असेल तर २०१८ मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेची चौकशी कृषी सहायकाकडे करावी; कोकणात तिच्यासाठी किमान १० गुंठ्यांची अट आहे.

कोकणात आता लागवडीची निवड माकडांना विचारून करावी लागते, ही खरी आणि दुखरी गोष्ट आहे. ज्या घरात माणूस राहत नाही तिथे केळी, पपई, शहाळी माणसाच्या वाट्याला येत नाहीत. हळद, आलं, मिरी, गवती चहा यांना माकडं सहसा हात लावत नाहीत. मिरी तर बंद घरासाठीच असावी असं मला वाटतं: साफ केल्यावर उरलेला कुठलाही सरळ खोडाचा फणस, आंबा, सुपारी तिला आधाराला चालतो. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी मिळालं आणि बुडाला पातेरा राहिला की पुढे ती बरीचशी स्वतःच्या बळावर वाढते. कुंपणावर मात्र मोठा खर्च होतो. तारेच्या आधी पडलेला गडगा पुन्हा रचून घ्यावा, चिरे तिथेच पडलेले असतात, आणि त्याच्या कडेला निर्गुडी, अडुळसा यांची वई लावावी. गुरं दोन्ही खात नाहीत.

मजुरी वाचवण्याचे गावात रुळलेले मार्ग आहेत. ज्याच्याकडे गुरं आहेत त्याला गवत कापून न्यायला सांगितलं तर कापणीचे पैसे पडत नाहीत. वाळलेली लाकडं जळणाला कोणी नेत असेल तर तीच गोष्ट. यापुढे जाऊन कोणाला कसायला द्यावं तर १९४८ च्या कूळकायद्याच्या भीतीने मालक मागे सरतात, आणि ओस पडलेल्या कितीतरी आवारांचं मूळ कारण हेच आहे. भीती निराधार नाही, पण तिच्यावर उपाय जमीन पडीक ठेवणं हा नव्हे. वकिलाचा सल्ला घेऊन लेखी व्यवस्था करता येते. आवारात वर्षातून दहा वेळा डोकावणारा एक शेजारी मिळाला तर वर्षातून एकदा येणाऱ्या यंत्रापेक्षा त्याचा उपयोग जास्त. त्याला मोबदला द्यावा, आंब्याच्या पेटीत त्याचा वाटा ठेवावा, आणि त्याने काही लावलं तर त्याला विचारल्याशिवाय उपटू नये.

देशावरच्या आणि शहरातल्या बंगल्यांचं गणित थोडं वेगळं आहे. पाऊस कमी, माती काळी किंवा भरावाची, आणि पहिला शत्रू गाजरगवत व सुबाभूळ. तिथे पाण्याचा खर्च मोठा असतो, म्हणून हिरवळीचा हव्यास सोडून सावलीत चालणारी झुडपं लावावीत आणि उघडी माती पालापाचोळ्याने झाकावी. सोसायटीचा झाडलोट करणारा माणूस रोज पाल्याची जी पोती बाहेर नेऊन टाकतो, ती मागून घ्या.

या वर्षी गणपतीला गावी जाल तेव्हा गमबूट, एक खुरपं, एक घडीची करवत आणि चिंध्यांची पिशवी बरोबर न्या. मागीलदारापासून विहिरीपर्यंतचा तुकडा तेवढा हातात घ्या, त्यातलं उपटून तिथेच अंथरा, आणि परत निघण्याआधी दिवाळीच्या आठवड्यातली तिकिटं काढून ठेवा. रानमोडी तोवर कळ्यांवर आलेली असेल.